फवारणीचे पाणी, साबण आणि विद्रावक

श्रावण-भाद्रपदात कपाशीवर मावा, तुडतुडे व फुलकिडे दिसू लागले म्हणजे बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव निंबोळी अर्काची लगबग सुरू होते. त्याची कृती आता बहुतेक शेतकऱ्यांना पाठ झाली आहे. पाच किलो निंबोळीचूर्ण नऊ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालावे, सकाळी फडक्यातून पिळून घ्यावे, एक लिटर पाण्यात निराळा विरघळविलेला २०० ग्रॅम साबणाचा चुरा त्यात मिसळावा आणि एकंदर द्रावण १०० लिटर करावे, म्हणजे पाच टक्क्यांचा अर्क तयार होतो. परंतु कृती एकच असूनही फळ सर्वत्र सारखे मिळत नाही. एका शिवारात हा अर्क पानावर एकसारखा पसरतो. दुसऱ्या शिवारात मात्र पिंपावर पांढुरकी साय धरते, पंपाचे नोझल चोंदते आणि पानावरून पाण्याचे थेंब मोत्यासारखे घरंगळून खाली पडतात. अशा वेळी खापर बहुधा निंबोळीवर फुटते. वस्तुतः पुष्कळदा दोष असतो तो पाण्याचा, साबणाचा, अथवा अर्क ‘जालीम’ व्हावा म्हणून हौसेने ओतलेल्या रॉकेलचा वा स्पिरिटचा. साबण पाण्यात नेमके काय करतो आणि त्यात दुसरे विद्रावक पडले असता त्याच्या कार्यात कोणता फरक होतो, हे एकदा ध्यानात आले तर फवारणीतील खर्च आणि कष्ट दोन्ही वाया जाण्याचे टळेल.

साबणाच्या रेणूला एक डोके व एक लांब शेपटी असते, अशी कल्पना करावी. डोके पाण्याचे सोयरे, तर शेपटी तेलाच्या जातीची असून ती पाण्याला सर्वथा परकी. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून राहतात; या परक्या शेपटीला त्यांच्यात थारा मिळत नाही. म्हणून साबणाचे पहिले रेणू पाण्याच्या पृष्ठभागाकडे धाव घेतात व शेपट्या हवेत काढून तेथे दाटीने उभे राहतात. त्यायोगे पाण्याचा पृष्ठताण उतरतो आणि थेंब पानावर पसरू लागतो. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण ७२ एकके धरला, तर साबणाच्या पुरेशा द्रावणात तो तिसाच्या आसपास येतो. कपाशीच्या लवदार पानावर, विशेषतः पानाच्या खालच्या बाजूस दडलेल्या तुडतुड्यापर्यंत औषध पोहोचावयाचे तर हा फरक फार मोलाचा आहे.

पृष्ठभागावरील जागा भरल्यावर आणखी साबण घातला तर उरलेले रेणू पाण्यातच आपली सोय लावतात. शेपट्या आत व डोकी बाहेर अशा रीतीने पन्नास-शंभर रेणू एकत्र येऊन त्यांचा लहानसा गोळा बनतो. यालाच ‘मायसेल’ अथवा पुंज म्हणतात. पुंज बनू लागण्यासाठी पाण्यात साबणाचे एक किमान प्रमाण असावे लागते. प्रयोगशाळांत नेहमी वापरला जाणारा सोडियम डोडेसिल सल्फेट हा पृष्ठक्रियाकारक घेतला, तर २५ अंश सेल्सियस तपमानाच्या शुद्ध पाण्यात ही मर्यादा लिटरला सुमारे सव्वादोन ग्रॅम पडते आणि एका पुंजात साठेक रेणू असतात. पुंजाचा व्यास सुमारे चार नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा अडीच लाखावा भाग. म्हणूनच असे द्रावण डोळ्यांस स्वच्छच दिसते. कपड्यांच्या साबणातील रेणूंच्या शेपट्या अधिक लांब असल्याने त्यांची मर्यादा याहून बरीच खाली असते. लिटरला दोन ग्रॅम, म्हणजेच १०० लिटरला २०० ग्रॅम साबण हे प्रमाण मऊ पाण्यात त्या मर्यादेच्या वर राहते, हे यावरून कळून येईल. त्यापलीकडे साबण वाढविल्याने पृष्ठताण आणखी उतरत नाही. चुऱ्याची दुप्पट मूठ टाकणारा शेतकरी पानाची कड करपण्याखेरीज दुसरे काही पदरात पाडून घेत नाही.

पुंजांचा खरा उपयोग निराळाच आहे. पुंजाचा गाभा तेलाच्या स्वभावाचा असल्याने पाण्यात न विरघळणारे पदार्थ त्याच्या पोटात शिरू शकतात. निंबोळीतील तेल, तसेच अॅझाडिरॅक्टिन हे मुख्य कडू द्रव्य, यांना पाण्यात सहजी जागा नसते. अॅझाडिरॅक्टिन पाण्यात थोडेच विरघळते, अल्कोहोलात मात्र चांगले विरघळते. निंबोळीच्या गराचे द्रावण शिंपडलेला पाला टोळ खात नाहीत, हे दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतील प्रधान, जोतवानी व राय यांनी १९६२ साली दाखवून दिले. पुढे १९६८ साली इंग्लंडमध्ये बटरवर्थ व मॉर्गन यांनी अॅझाडिरॅक्टिन वेगळे केले. साबणाचे पुंज व साबणाने वेढलेले तेलाचे सूक्ष्म थेंब यांच्यावाचून यांपैकी बराच भाग पिंपाच्या तळाशी वा कडेला राहून जातो.

साबणाचे रेणू पुंज करून राहतात ही कल्पना मॅकबेन यांनी १९१३ साली मांडली व हार्टली यांनी १९३६ साली त्या पुंजाला गोलाचे रूप दिले. हेच हार्टली पुढे पीकसंरक्षणाच्या औषधांकडे वळले आणि कीडनाशकांच्या भौतिक वर्तनावर त्यांनी ग्रंथ लिहिले. साबणाचे शास्त्र व फवारणीचे शास्त्र यांचे नाते किती जवळचे आहे, हे एवढ्यावरून दिसावे.

घाटावरचे आणि घाटाखालचे पाणी

आता पाण्याकडे वळू. बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग पडतात हे येथील लहान मुलालाही ठाऊक असते. चिखली, मेहकर, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा हा घाटावरचा भाग काळ्या कातळाचा. तेथील विहिरींच्या पाण्यात चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उतरलेले असतात. पाणी पिण्यास गोड, पण साबणास कठीण. घाटाखाली शेगाव, संग्रामपूर, जळगाव जामोद व नांदुरा या तालुक्यांतून पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा पसरला आहे. तेथील भूजलात सोडियमचे क्षार अधिक. दोन्हीकडील पाण्यात साबणाची गत निरनिराळी होते.

कठीण पाण्यात चुन्याचा एक कण साबणाच्या दोन रेणूंना पकडून त्यांचा न विरघळणारा साका बनवितो. पिंपावर दिसणारी ती साय हीच. याचा हिशेब करून पाहण्याजोगा आहे. पाण्याची कठीणता लिटरला ३०० मिलिग्रॅम असेल, तर तेवढा चुना लिटरमागे सुमारे एक ग्रॅम आठशे मिलिग्रॅम शुद्ध साबण खाऊन टाकतो. म्हणजे १०० लिटरला १८० ग्रॅम. शिफारशीतील २०० ग्रॅमपैकी शिल्लक किती राहिले? त्यातून बाजारातील वडीत ओलावा व भर असते. ती काढून टाकली तर काहीच उरत नाही. पुंज बनण्याचा प्रश्नच मग उद्भवत नाही. शेतकऱ्याने कृती अक्षरशः पाळलेली असते, आणि तरीही पिंपात साबण नसतो!

खारपाणपट्ट्यात गोष्ट उलट आहे. मिठामुळे पुंज लवकर बनतात. वर उल्लेखिलेल्या सल्फेटची मर्यादा, लिटरला सहा ग्रॅम मीठ असलेल्या पाण्यात, शुद्ध पाण्यातील मर्यादेच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास उतरते. याचे कारण असे की, साबणाची डोकी विद्युद्भारित असल्याने एकमेकांना दूर लोटतात, आणि मिठाचे कण मध्ये आले म्हणजे हा दुरावा कमी होतो. परंतु मीठ फार झाले तर साबण पाण्यातून फुटून निराळा होतो. साबण बनविणारे कारागीर कढईत मीठ टाकून साबण वर आणतात तो याच न्यायाने. शिवाय असे खारे पाणी पानावर वाळले की त्याचे क्षार तेथेच राहतात. म्हणून पुंज लवकर बनतात एवढ्यावरून खारे पाणी फवारणीस बरे, असा अर्थ कोणी काढू नये.

या जिल्ह्याचे साबणाशी जुने नाते आहे, हे येथे ओघाने सांगितले पाहिजे. लोणार सरोवरात साबण व काच करण्याचे साहित्य मिळते, अशी नोंद अकबराच्या काळच्या ‘ऐन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात आहे. सरोवराचे पाणी तीव्र अल्कधर्मी आहे व त्यातील खार तेलाशी संयोग पावून साबण देतो. २०२० साली ज्या सरोवराचे पाणी गुलाबी झाल्याने देशभर चर्चा झाली व त्याच वर्षी ज्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, ते हेच. अल्कधर्म हा मात्र अॅझाडिरॅक्टिनचा वैरी आहे. त्या वातावरणात ते लवकर नासते. साबणाचे पाणी स्वतःही थोडे अल्कधर्मीच असते. निंबोळी अर्कात साबण मिसळल्यावर तो त्याच दिवशी, शक्यतो उन्हे उतरल्यावर फवारून संपवावा असे सांगतात, त्याचे एक कारण हे होय.

पाणी मऊ की कठीण हे घरीच पाहता येते. सारख्या दोन बाटल्यांपैकी एकीत पावसाचे धरलेले पाणी व दुसरीत विहिरीचे पाणी घ्यावे, दोहोंत साबणाचा सारखा चुरा टाकून हलवावे. विहिरीच्या पाण्यात फेस न येता गढूळपणा आला, तर ते पाणी साबणाच्या कामाचे नाही. फवारणीचा हंगाम पावसाळ्याचाच असल्याने शेततळ्यात साचलेले पावसाचे पाणी या कामी सर्वांत सोयीचे. २०१६ पासून शासनाच्या योजनेतून जी शेततळी झाली, त्यांचा हाही एक उपयोग आहे, आणि तो फारसा ध्यानात घेतला जात नाही. पाणी कठीणच वापरावे लागत असेल, तर साबणाऐवजी विद्युद्भार नसलेला, म्हणजे ‘नॉन-आयॉनिक’ जातीचा स्टिकर घ्यावा. चुना त्याला पकडू शकत नाही. धुण्याचा सोडा टाकून पाणी मऊ करण्याची युक्ती कपड्यांसाठी ठीक, निंबोळी अर्कासाठी नव्हे.

स्पिरिट आणि रॉकेल

मिरची-लसूण अर्कात लसूण रॉकेलमध्ये भिजविण्याची चाल आहे. कोणी निंबोळीचूर्ण स्पिरिटमध्ये भिजवून अर्क काढतात. दोन्ही विद्रावक सेंद्रिय असले तरी साबणाच्या पुंजाशी त्यांचे वागणे एकमेकांच्या विरुद्ध आहे.

रॉकेल पाण्यात मिसळत नाही. ते पुंजाच्या पोटात जाऊन बसते व पुंज फुगतो. पण पुंजात मावते ते थोडेच. बाकीचे रॉकेल साबणाने वेढलेल्या थेंबांच्या रूपाने तरंगत राहते व मिश्रण दुधासारखे दिसते. यालाच पायस म्हणतात. अमेरिकेत रायली व हबर्ड यांच्या नावाने प्रसिद्ध झालेले एकोणिसाव्या शतकातील रॉकेल-पायस असेच होते: अर्धा पौंड साबण एक गॅलन उकळत्या पाण्यात विरघळवून त्यात दोन गॅलन रॉकेल ओतावयाचे व साय येईपर्यंत घुसळावयाचे, पाणी घालून पातळ करणे मागाहून. या क्रमातच सारे मर्म आहे. साबण दाट असताना घुसळले की थेंब बारीक होतात व साबणाचे कवच प्रत्येकास पुरते. उलट, शंभर लिटर पाण्यात आधी साबण पसरून वरून रॉकेल वा निंबोळी तेल ओतले, तर ते वर तरंगते. पंप तळचे पाणी आधी ओढतो. म्हणजे पहिल्या तासांना नुसते पाणी आणि शेवटच्या तासांना नुसते तेल. ज्या शेतात बांधाकडील चार ओळी करपलेल्या व उरलेल्या शेतात कीड तशीच, अशी स्थिती दिसते तेथे बहुधा हेच घडलेले असते.

स्पिरिट मात्र पाण्यात पूर्णपणे मिसळते आणि पाण्याचा स्वभावच पालटते. पाण्याच्या रेणूंची आपसातील घट्ट पकड त्यामुळे सैल होते. साबणाच्या शेपटीला पाणी पूर्वीइतके परके वाटत नाही, आणि मग पुंज करून दडण्याचे तिला कारण उरत नाही. डोक्यांचा परस्पर दुरावाही वाढतो, कारण विद्युद्भारांतील ओढ व लोट सौम्य करण्याची पाण्याची शक्ती स्पिरिटात फार कमी असते. शास्त्रीय मापाने पाण्याचा हा अंक ७८, तर शुद्ध अल्कोहोलचा २४. परिणामी पुंज बनण्याची मर्यादा वाढत जाते. अगदी थोडे, शेकडा चार-पाच भाग अल्कोहोल असता ती वर सांगितलेल्या सल्फेटच्या बाबतीत प्रथम किंचित उतरते हे खरे. परंतु पुढे ती चढते व शेकडा तीस-चाळीसच्या आसपास नेहमीचे पुंज बनणे जवळजवळ बंद होते. मेथॅनॉल व अॅसिटोन यांचीही गत थोड्याफार फरकाने अशीच. ब्युटेनॉलासारख्या लांब साखळीच्या अल्कोहोलांची वेगळी. ती थोड्या प्रमाणात घातली असता साबणाच्या रेणूंमध्ये स्वतःच उभी राहतात व पुंज बनण्यास मदत करतात. पशुपती मुखर्जी व मायसेल्स यांनी १९७१ साली अशा मर्यादांचे जे मोठे संकलन प्रसिद्ध केले, त्यावरून पाण्यात मिसळलेला दुसरा पदार्थ या आकड्यांना किती हलवितो याची कल्पना येते.

आता शेतकऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, स्पिरिटाचा हा प्रताप पिंपात नसून बाटलीत असतो. शंभर लिटरात अर्धा लिटर स्पिरिट म्हणजे शेकडा अर्धा भाग. एवढ्याने पुंजावर म्हणण्यासारखा परिणाम होत नाही. म्हणून ‘पिंपात थोडे स्पिरिट टाकले की साबण जोरात काम करतो’ ही समजूत निराधार आहे. बाटलीत मात्र स्पिरिट दाट असते. तेथे अॅझाडिरॅक्टिन व तेल स्पिरिटातच विरघळून स्वच्छ राहते, साबणास करण्यासारखे काही नसते. ही बाटली पाण्यात ओतली की क्षणात स्पिरिट विरळ होते, त्याची धारणशक्ती जाते आणि विरघळलेले सर्व द्रव्य एकदम बाहेर फेकले जाते. जखम धुण्यासाठी डेटॉल पाण्यात टाकताना ते दुधाळ होते, हे सर्वांनी पाहिले आहे. त्यातही अल्कोहोल, तेल व एरंडेलाचा साबण हीच मंडळी असतात. बाहेर पडलेल्या द्रव्याला त्याच क्षणी साबणाचे कवच मिळाले तर बारीक थेंब होतात व ते टिकतात. न मिळाले तर चिकट गोळे होतात आणि नोझल चोंदते. यास्तव स्पिरिटातील अर्क साबण अगोदर विरघळविलेल्या मऊ पाण्यात, बारीक धारेने, सतत ढवळीत ओतावा. साबण मागाहून टाकून झालेले गोळे परत फुटत नाहीत. बाजारातील डिनेचर्ड स्पिरिटमध्ये विषारी मेथॅनॉल असू शकते व ते भडका घेते. चुलीजवळ वा विडी ओढताना हे काम करू नये, हे वेगळे सांगावयास नको.

दुकानातून मिळणारी ‘प्रवाही’ कीडनाशके याच तत्त्वावर बनविलेली असतात. उदाहरणार्थ, शेकडा २५ क्विनॉलफॉस असलेल्या प्रवाहीत विषाखेरीज मुख्य भाग असतो तो झायलीनसारख्या विद्रावकाचा, आणि उरलेला थोडासा पायसकारकांचा. कारखानदार पायसकारकांचे मिश्रण असे निवडतात की ते कठीण पाण्यातही टिकावे. अशा औषधांची परीक्षा लिटरला ३४२ मिलिग्रॅम कठीणतेच्या ठरावीक पाण्यात केली जाते. परंतु त्या पिंपात शेतकरी जेव्हा आणखी एक प्रवाही, वर पाण्यात मिसळणारी भुकटी, वर विद्राव्य खत आणि शेवटी मूठभर साबण टाकतो, तेव्हा कारखान्यातील परीक्षेचा काही उपयोग राहत नाही. खताचे क्षार साबणाला फोडतात, आणि प्रवाहीतील विद्रावक कोरड्या भुकटीस माखून तिचे ढेप बनवितो. एकत्र फवारण्याची शिफारस असलेलीच औषधे घ्यावीत आणि भुकटी आधी पाण्यात कालवून टाकावी, प्रवाही त्यानंतर, स्टिकर सर्वांत शेवटी. शंका असल्यास त्याच प्रमाणात एक लिटर मिश्रण काचेच्या बरणीत करून अर्धा तास ठेवावे. वर तेल, तळाशी साका वा मध्ये गाठी दिसल्या तर ते मिश्रण पंपात भरू नये. ती बरणी पुन्हा घरात वापरावयाची नाही.

विद्रावक व साबण यांची जी शक्ती कीटकाच्या मेणचट कातडीतून विष आत नेते, तीच माणसाच्या कातडीतूनही नेते. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले, ही घटना विदर्भात कोणी विसरलेले नाही. पाठीवरचा पंप गळत असेल तर ओल्या सदऱ्याखाली विष तासन् तास कातडीला लागून राहते; आणि त्या पाण्यात जादा साबण व रॉकेल असेल तर ते अधिकच वेगाने आत शिरते. निंबोळी अर्क घरचा आहे म्हणून त्याच पंपात उरलेल्या रासायनिक औषधाकडे दुर्लक्ष करणे घातक आहे. डोक्याएवढ्या वाढलेल्या कपाशीत वाऱ्याच्या विरुद्ध चालत फवारणी करू नये. हातमोजे, तोंडावर मुखवटा व पूर्ण बाह्यांचा सदरा असावा. अंगावर औषध सांडल्यास कपडे ताबडतोब उतरवून भरपूर पाण्याने व साबणाने अंग धुवावे. स्पिरिट वा रॉकेल लावून डाग पुसण्याचा प्रयत्न मुळीच करू नये. त्याने विष निघण्याऐवजी आत ढकलले जाते. चक्कर, मळमळ, घाम किंवा डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागल्यास रोग्यास औषधाच्या बाटलीसह तत्काळ दवाखान्यात न्यावे, कारण डॉक्टरांना बाटलीवरील नाव पाहिल्याशिवाय उतारा ठरविता येत नाही.

फवारणी संपल्यावर पंपात तेलाचा थर उरतो तो नुसत्या पाण्याने जात नाही. त्यात मऊ पाणी व थोडा साबण घालून पंप चांगला हलवावा, नोझलमधून ते पाणी त्याच शेतात, विहिरीपासून व ओढ्यापासून दूर सोडावे, आणि मग दोनदा स्वच्छ पाण्याने खळबळून पंप सावलीत उपडा ठेवावा.